राजाश्रय आणि जाहिरात

तासगांवाहून सांगलीस जाणारा रस्ता कवलापूर, बुधगांव मागें टाकून माधवनगरांत शिरतो. बेदाण्याच्या गाड्या या रस्त्यानें जातात, आणि ऋषिपंचमीस तासगांवच्या गणपतीचा रथ ओढावयास निघालेलीं माणसें याच रस्त्यानें उलट येतात. या माधवनगरांत वाढलेल्या एका मुलीचें नांव आज, जेथें जेथें क्रिकेट खेळतात तेथें तेथें, ठाऊक झालें आहे. कु. स्मृति मानधना हिचा जन्म १९९६ सालीं मुंबईस झाला. दोन वर्षांची असतांना ती इकडे आली. वडील व भाऊ सांगली जिल्ह्याकडून खेळलेले. भावाच्या मागोमाग मैदानावर जातां जातां ती नवव्या वर्षीं महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघांत, तर अकराव्या वर्षीं एकोणीस वर्षांखालील संघांत जाऊन बसली. शाळा संपतांना तिच्या मनांत शास्त्रशाखा घ्यावयाची होती. दोन्ही गोष्टी झेपणार नाहींत हें आईनें ओळखलें आणि तो बेत सुटला. दिवसाचे तास मोजून कांहीं तरी सोडून देण्याचा हा तिचा पहिला प्रसंग. शेवटचा मात्र खास नव्हे.

तिच्या फलंदाजीविषयीं श्रोत्यांस नव्यानें सांगण्यासारखें थोडेंच आहे. विचार करावयाचा तो तिच्या दिवसांचा. देशासाठीं सामने, भारत, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथील व्यावसायिक स्पर्धा, सराव, प्रवास; आणि यांतून जे दिवस उरतील त्यांवर हक्क सांगणारे छायाचित्रकार, मुलाखतकार व जाहिरातदार. बाटाचीं पादत्राणें, रेड बुलचें पेय, ह्युंदाईची मोटार यांच्या जाहिरातींत तिचा चेहरा दिसला आहे. लोकांस वाटतें, चेहरा विकला, पैसे आले, झालें. पण अशा करारांत चित्रीकरणाचे दिवस, समारंभांतील हजेरी, प्रतिस्पर्धी मालाची जाहिरात न करण्याची हमी असें सर्व कांहीं बांधलेलें असतें. विकले जातात ते दिवस!

खेळाडूस कोणी तरी पोसावें लागतें, ही गोष्ट या प्रांतास नवी नाहीं. सांगलीसच १९१५ सालीं एका शाळामास्तरांच्या घरीं विजय हजारे जन्मले. मास्तरांच्या पगारांत आठ मुलें वाढवावयाचीं, तेथें क्रिकेटचा खर्च कोठून निघणार? हजाऱ्यांना संस्थानिकांनी हात दिला. देवासच्या महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. ऑस्ट्रेलियाचे प्रख्यात गोलंदाज ग्रिमेट यांचें मार्गदर्शन मिळालें. पुढें बडोद्याची सेवा मिळाली. १९४७ सालीं रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत बडोद्याकडून त्यांनी २८८ धांवा काढल्या; गुल महंमद यांच्याबरोबरची त्यांची भागी ५७७ धांवांची होती. पुढच्याच वर्षीं ॲडलेड येथें एका कसोटीच्या दोन्ही डावांत त्यांचीं शतकें झालीं. संस्थानिक धनी म्हणून लहरी असत, हें खरें. पण त्यांना साबण विकावयाचा नव्हता.

योगायोग असा, कीं स्मृतीचें नांव प्रथम गाजलें तें बडोद्यासच. ऑक्टोबर १९१३ नव्हे, बरोबर शंभर वर्षांनंतरच्या ऑक्टोबर २०१३ मध्यें, गुजरातविरुद्ध तिनें १५० चेंडूंत नाबाद २२४ धांवा केल्या. त्या वेळीं मुलींच्या खेळांत पैसा कितीसा होता! २०२२ च्या ऑक्टोबरांत सामन्याचें मानधन पुरुषांइतकें झालें: कसोटीस १५ लाख, एकदिवसीय सामन्यास ६ लाख, वीस षटकांच्या सामन्यास ३ लाख. तथापि वार्षिक करार वेगळेच राहिले. २०२४-२५ मध्यें वरच्या श्रेणींतील महिलेस ५० लाख, तर वरच्या श्रेणींतील पुरुषास ७ कोटि. फेब्रुवारी २०२३ च्या लिलांवांत बंगळूरच्या संघानें तिच्यासाठीं ३ कोटि ४० लाख मोजले आणि त्या दिवशीं तिच्याहून अधिक किंमत कोणाचीच झाली नाहीं.

व्यावसायिक स्पर्धांची दुसरी बाजूहि तिनें भोगली आहे. जानेवारी २०१७ मध्यें ब्रिस्बेनच्या संघाकडून खेळतांना तिच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. विश्वचषक जूनमध्यें होता. पांच महिने मैदान सुटलें. परत आली ती थेट इंग्लंडांत, आणि पहिल्या दोन सामन्यांत ९० व नाबाद १०६ धांवा करून गेली. अंतिम सामन्यांत मात्र शून्य, आणि भारत ९ धांवांनी हरला. २०२२ सालीं दौऱ्यांचा ताण असह्य होतांच, ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धेंतून माघार घेण्याचा विचार तिनें उघड बोलून दाखविला. मिळकत पुढें ठेवलेली असतांना नको म्हणणें सोपें नसतें, आणि त्यांतलें शहाणपण घरच्या मंडळींसहि पुष्कळदां उशिरा कळतें.

नांव कोणत्या मालास लावावें, हा प्रश्न याहून नाजूक. २००३ सालीं अमेरिकेंतील टेनेसीचा एक हिशेबनीस, ख्रिस मनीमेकर, लास वेगासला पोकरच्या स्पर्धेंत २५ लाख डॉलर जिंकला. मग पत्त्यांच्या एका कंपनीनें त्याला वर्षानुवर्षें आपला प्रचारक म्हणून मिरविलें. तो जिंकला, पण त्याच्याकडे पाहून डाव मांडणाऱ्या हजारोंचें काय झालें तें कोणत्याहि जाहिरातींत आलें नाहीं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्यें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर कायद्यानें बंदी आली, तेव्हां भारतीय संघाच्या सदऱ्यावरील ‘ड्रीम इलेव्हन’ हें नांव तत्काळ उतरलें. महिन्याच्या आंत तेथें टायरच्या कंपनीचें नांव आलें.

२ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेस ५२ धांवांनी हरवून विश्वचषक जिंकला. उपकर्णधार स्मृतीच्या त्या दिवशीं ४५ आणि साऱ्या स्पर्धेंत मिळून ४३४ धांवा झाल्या.

हजारे २००४ सालीं बडोद्यास वारले. देशांतील राज्याराज्यांची एकदिवसीय स्पर्धा त्यांच्या नांवानें खेळली जाते. २०२४-२५ च्या हंगामांत सांगलीच्या त्या मास्तरांच्या मुलाच्या नांवाआधीं एका बँकेचें नांव छापलेलें होतें.