उणे म्हणजे उजवीकडे का? उत्तर मोटारीच्या तीन वायरींत

साईन आणि कोसाईनचे आलेख डावीउजवीकडे सरकतात, त्यावर आज बोलायचंय. लगेच बंद करू नका, पाच मिनिटं द्या. माझं गाव तेलगाव, जिल्हा बीड. बीटेक करून सध्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऊस, साखर कारखाना आणि मोटार, एवढ्यात आमचा परिसर सांगून होतो. त्यातली मोटार आज आपल्याला गणित शिकवणार आहे.

अकरावीत नियम पाठ करून घेतात: साईन (क्ष − १२०°) असेल तर आलेख १२०° उजवीकडे जातो. पोरं विचारतात, उणे तर डावीकडे असतं ना? रास्त प्रश्न आहे.

आता बघा. साईनचं शिखर येतं कधी? कंसाच्या आतली किंमत ९०° झाली की. आत क्ष − १२०° आहे. ते ९०° व्हायला क्ष २१०° लागतो. म्हणजे शिखर १२०° नंतर आलं. आडव्या अक्षावर वेळ धरली, तर उजवीकडे म्हणजे उशिरा आणि डावीकडे म्हणजे आधी. थोडक्यात, उणे म्हणजे उशीर.

आता डीपीपाशी चला. तिथून शेतातल्या थ्री फेज मोटारीला तीन वायरी येतात: लाल, पिवळी, निळी. तिन्हींत साईनचीच लाट, उंची तीच, वेग तोच. फरक फक्त सरकण्याचा. लाल वेळेवर, पिवळी १२०° उशिरा, निळी २४०° उशिरा. मोटारीतली तीन वेटोळी गोलाकार बसवलेली असतात. त्यांची शिखरं ओळीनं एकामागून एक येतात, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि आतला रोटर त्याच्या मागे फिरतो.

डीपीचं काम झालं आणि दोन वायरी अदलाबदल होऊन जोडल्या गेल्या, तर? आता दुसऱ्या वेटोळ्याला २४०° उशीर मिळाला. पण ३६०° नंतर लाट पुन्हा तीच, म्हणून २४०° उशिरा म्हणजेच १२०° आधी. उण्याचं अधिक झालं! शिखरांचा क्रम उलटला, मोटार उलटी फिरली. आवाज येतो, पण पाणी नीट येत नाही. थ्री फेज लाईट मोजकेच तास, त्यातही कधी रात्रीची. तेवढ्यात हे कळलं नाही तर उसाची पाळी गेली. वायरमन येतो, लाईट बंद करतो, कोणत्याही दोन वायरी बदलतो आणि पाणी सुरू. त्यानं गणितातलं एक चिन्ह बदललं. (हे घरी करून बघू नका, वायरमनलाच करू द्या.)

पुढची गोष्ट परीक्षेत हमखास गुण घालवते. आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, ५० × ३६० = १८,००० अंश. मग पिवळ्या वायरीची लाट होते साईन (१८,००० × वेळ − १२०°). ती किती वेळानं उशिरा आहे? १२० सेकंद नक्कीच नाही. १८,००० बाहेर काढा: १२० ÷ १८,००० = १/१५० सेकंद, म्हणजे साधारण ६.६७ मिलिसेकंद. साईन (२क्ष − ६०°) मध्येही तसंच. आलेख ६०° नाही, ३०° सरकतो. आधी गुणक बाहेर काढायचा, मगच सरकणं वाचायचं.

आणि कोसाईन? ती वेगळी लाट नाहीच. कोसाईन क्ष = साईन (क्ष + ९०°), म्हणजे ९०° आधी आलेली साईन. सिंगल फेज मोटारीत लाट एकच. एका लाटेला क्रम कुठला असणार? म्हणून कंडेन्सर लावतात. तो दुसऱ्या वेटोळ्यातला करंट पहिल्यापेक्षा जवळजवळ ९०° आधी आणतो. एकात साईन, दुसऱ्यात जवळपास कोसाईन, की मोटार सुरू होते. कंडेन्सर गेला की ती नुसती गुणगुणते, जागची हलत नाही.

जाता जाता गृहपाठ: लालची वायर पिवळीच्या जागी, पिवळीची निळीच्या आणि निळीची लालच्या जागी लावली, तर मोटार कुठे फिरेल? आलेख काढून बघा, उत्तर कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या भागात!