हिमाची रजई

श्रोतेहो, मी कवितेचा माणूस. समीकरणं दिसली की पान उलटणारा. पण योझेफ स्टेफान हे भौतिकशास्त्रज्ञ तरुणपणी आपल्या स्लोव्हेन मातृभाषेत कविता लिहीत, हे वाचलं आणि थांबलो. व्हिएन्नात बसून, ध्रुवाकडे गेलेल्यांच्या नोंदींवरून त्यांनी समुद्रावरचा बर्फ कसा जाड होतो याचं गणित मांडलं. ते १८९१ मध्ये छापून आलं. खारं पाणी उणे १.८ अंशाला गोठतं. गोठताना सुटलेली उष्णता वरच्या बर्फातूनच हवेत जाणार. म्हणून बर्फ जितका जाड, तितकी वाढ मंद. दुप्पट जाडीला चौपट वेळ!

हिशेब देखणा, पण त्यात वरचं भुसभुशीत हिम नव्हतं, खालून येणारी समुद्राची ऊबही नव्हती. १९७१ मध्ये मेकट आणि उंटरस्टाइनर यांनी दोन्ही धरली. हिम म्हणजे रजईच. हिवाळ्यात ते जास्त पडलं, तर खालचा बर्फ कमी वाढतो. उन्हाळ्यात मात्र ताजं हिम ऐंशी टक्क्यांच्या आसपास ऊन परतवून त्याच बर्फाला राखतं. उघडा समुद्र दहा टक्केही परतवत नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये उत्तर ध्रुवाकडचा बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला. पुढं किती उरेल, हे संगणकाला विचारायचं. त्याचा एकेक चौकोन कित्येक किलोमीटरांचा. त्यातली डबकी, भेगा, हिमाचे ढिगारे यांची सरासरीच धरावी लागते. आणि हिवाळ्यात एका उघड्या भेगेतून, तेवढ्याच जागेच्या जाड बर्फापेक्षा कितीतरी पट उष्णता निसटते.