सालाझार १९३७ मध्येच गेला असता तर?



४ जुलै १९३७ रोजी लिस्बनमध्ये रविवारच्या प्रार्थनेसाठी आलेल्या सालाझारच्या मोटारीजवळ बॉम्बचा स्फोट झाला. पोर्तुगालचा हा हुकूमशहा, पूर्वाश्रमीचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक, बचावला. तो त्या दिवशी मेला असता तर गोव्याला १९६१ पर्यंत वाट पाहावी लागली नसती, असे म्हणण्याचा मोह होतो. तो तपासून पाहिला पाहिजे.

सालाझारच्या मागे काय उरले असते? पोर्तुगालमधील संसदीय राजवट १९२६ साली मोडली ती लष्कराने. १९२८ मध्ये सालाझारला अर्थमंत्री केले तेही लष्करी सत्तेनेच. पंतप्रधान नेमण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्ष जनरल कार्मोना यांच्या हाती होता. गुप्त पोलीस, वृत्तपत्रांवरील नियंत्रण, वसाहतींना लिस्बनशी जखडणारा १९३० चा कायदा, हे सारे जागच्या जागी राहिले असते. मोझांबिकच्या शेतकऱ्यांकडून सक्तीने पिकवून घेतलेल्या स्वस्त कापसावर पोसलेले हितसंबंध एका अंत्ययात्रेने संपत नाहीत.

व्यक्तीला महत्त्व नाही, असा याचा अर्थ नव्हे. १९६१ मध्ये गोव्यातील सैन्याला अखेरपर्यंत लढण्याचा आदेश देणारा हट्ट सालाझारचाच होता. दुसरा कोणी कदाचित आधीच वाटाघाटींना बसला असता. परंतु हे 'कदाचित' फार दुबळे आहे.

कारण इतिहासाने हा प्रयोग पुढे स्वतःच करून दाखविला. १९६८ मध्ये सालाझार आजाराने निकामी झाला आणि काएतानो पंतप्रधान झाले. उदारतेच्या आशा पल्लवित झाल्या. प्रत्यक्षात गुप्त पोलिसांचे नाव बदलले, काम तेच राहिले. अंगोला, गिनी आणि मोझांबिकमधील युद्धे चालूच राहिली. सालाझार १९७० मध्ये वारला, तरी राजवट जिवंत होती. त्या युद्धांना विटलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ रोजी उठाव केला, लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा ती कोसळली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

हुकूमशहाचा मृत्यू ही संधी असू शकते, मुक्ती नव्हे. संधी साधणारी संघटना नसेल तर वारस तयारच असतो. १८ जून १९४६ रोजी डॉ. लोहिया मडगावच्या सभेत उभे राहिले, तेव्हा सालाझार सत्तेच्या शिखरावर होता. त्याच्या मरणाची वाट पाहत ते बसले नाहीत. कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवायचे ते एवढेच.