बढती : लवकर आलेली आणि वेळेवर आलेली

[मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान]



मंडळाच्या चालकांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. तोच आमच्या दारी चालून आला. आमचा एक जुना विद्यार्थी, आपल्याच ज्ञातीतील, वय वर्षे चोवीस, चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणारा. पेढ्यांचा पुडा समोर ठेवून म्हणाला, "गुरुजी, कंपनी मला सुपरवायझर करते आहे. घेऊ की नको?" पेढ्यांबरोबर प्रश्नही आला, याचेच आम्हांस कौतुक वाटले.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि पाहता पाहता या भागातील शेतांत कारखाने उभे राहिले. आमच्या वडिलांच्या पिढीस कारखान्यात चिकटणे हेच भाग्य वाटे. बढती यायची ती केस पिकल्यावर. आता ती मिसरूड फुटते न फुटते तोच येते. ती घ्यावी की नाही, याचा विचार दोन्ही बाजूंनी केला पाहिजे.

आधी जमेची बाजू पाहू. तरुणपणी जबाबदारी पडली की बुद्धीस धार येते. पानिपतानंतर १७६१ साली माधवरावांस पेशवाईची वस्त्रे मिळाली, तेव्हा त्यांचे वय सोळा; १७६३ साली राक्षसभुवनावर त्यांच्या कारकिर्दीत निजामाचा पराभव झाला. दुसरे असे की, जागा रोज रिकामी होत नाही. येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका विद्यार्थ्यास आम्ही "थांब, घाई करू नकोस" असा सल्ला दिला. तो थांबला. ती खुर्ची दुसऱ्यास मिळाली, आणि पुढची संधी येण्यास सात वर्षे लागली. त्याने आम्हांस कधी बोल लावला नाही; परंतु तो रस्त्यात भेटला की आमची मान खाली जाते.

आता खर्चाची बाजू. त्याच माधवरावांचा अधिकार चुलते रघुनाथरावांच्या पचनी पडला नाही, आणि १७६२ साली घरातच लढाई झाली. शॉपवरही निराळे काय घडते? ज्याने हाताला धरून काम शिकविले, त्याच पन्नाशीच्या कामगारास उद्या हजेरीबद्दल विचारावयाचे! आम्ही स्वतः अठ्ठाविसाव्या वर्षी एका शाळेचे प्रभारी मुख्याध्यापक झालो. वडील शिक्षक आमचे ऐकेनात, आणि आम्ही दप्तरांत असे बुडालो की, सातवीच्या वर्गाचे गणित कच्चे राहिले. आम्हांस हुद्दा मिळाला. त्याची किंमत त्या मुलांनी भरली. १९६९ साली लॉरेन्स पीटर व रेमंड हल यांनी एका पुस्तकात असे मांडले की, नोकरीत माणूस चढत चढत आपल्या अपात्रतेच्या पायरीवर येऊन थांबतो. आम्ही त्या पायरीवर वेळेआधीच पोहोचलो होतो.

पैशाचा हिशेबही सरळ नाही. कामगारास जादा तासांचे पैसे दुप्पट दराने मिळतात. पुष्कळ कारखान्यांत सुपरवायझरास ते मिळत नाहीत. युनियनच्या वेतनकराराची वाढही बहुधा त्याच्या वाट्याला येत नाही. शिवाय औद्योगिक विवादांच्या जुन्या कायद्यातील भेद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ठेवलेला आहे : देखरेखीचे काम करून दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. म्हणजे नोकरीवर गदा आली असता कामगारास असलेला आधार त्यास उरत नाही. हुद्द्याच्या पाटीवर हे लिहिलेले नसते.

सल्लागार कंपन्यांत लागलेल्या मुलांचे गणित निराळे. तेथे पुष्कळ ठिकाणी ठराविक मुदतीत वर चढा, नाही तर बाहेर पडा, असा रिवाज असतो. तेथे उशीर हाच धोका. परंतु लवकर चढलेल्याचीही पुढली मुदत तत्काळ मोजली जाऊ लागते, हे विसरू नये.

मग त्या मुलास आम्ही काय सांगितले? "हो" म्हटले नाही व "नाही"ही म्हटले नाही. एकदा चुकलेला मनुष्य जपून बोलतो. तीन गोष्टी विचारल्या. दुसऱ्याचे मशीन अडले तर ते तुला लावून देता येते काय? वर्षभराच्या पगारपावत्या, ओव्हरटाइम व बोनस धरून, नव्या पगाराशेजारी मांडल्यास काय? आणि पहिले सहा महिने तुला शिकविणारा कोण? तो हिशेब करून आला. वर्षाकाठी त्याची थोडी तूटच येत होती. तरीही त्याने जागा घेतली. मात्र सहा महिने जुन्या सुपरवायझराच्या हाताखाली काम शिकण्याची सवलत मागून, आणि ती पत्रात लिहून घेऊन. आम्हांस हे पसंत पडले. तोटा ठाऊक असून उचललेले पाऊल निराळे, आणि पेढ्यांच्या भरात उचललेले निराळे.

शेवटी पालकांस एक विनंती. आपल्या वधूवर-सूचीत हुद्द्याचा रकाना असतो, आणि तो भरण्याची घाई मुलांपेक्षा आपणांसच अधिक असते. हुद्दा कळताच सदनिकेचे कर्ज व लग्नाचा मुहूर्त ठरविला, तर मुलास माघार घेण्याची वाट उरत नाही. त्यास एक वर्ष तरी त्या खुर्चीत स्थिर बसू द्या. आणि मशीनवर राहणेच ज्याने पसंत केले, त्यासही या मंडपात तितक्याच मानाने बसवा. त्याच्या हातच्या कामावरच त्या सुपरवायझराची खुर्ची उभी आहे.

तो मुलगा येथे समोरच बसला आहे. त्याचे सहा महिने अजून संपावयाचे आहेत. म्हणून आज निकाल न सांगता आम्ही आपली रजा घेतो.