वंशावळीत आईचे नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. तरी आमच्या घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

चार वर्षांपूर्वी मामंजी वारले. अस्थी घेऊन आम्ही मनमाडवरून नाशिकला गेलो. रामकुंडावर उपाध्येबुवांनी विचारले, "आडनाव काय? मूळ गाव कोणते?" यजमानांनी अंबड तालुक्यातले आमचे गाव सांगितले. बुवांनी वह्या चाळल्या, पण घराणे सापडेना. तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या सासूबाई सांगत, आपण मूळचे पैठणकडचे. दुष्काळात गोदेच्या काठाकाठाने इकडे आलो." त्यांनी गावाचे नावही सांगितले. त्या गावाची वही निघाली आणि पान सापडले! पणजोबा, त्यांचे भाऊ, मुले, नाशिकला आल्याच्या तिथी, सारे होते. जुनी पाने मोडीत होती. ती बुवांनी वाचून दाखविली. यजमानांचे डोळे भरून आले.

मी मात्र ते पान पुन्हा पाहिले. पाच पिढ्यांचे पुरुष होते, बाई एकही नव्हती. जिच्या सांगण्यावरून वही सापडली, त्या आजेसासूबाईही नव्हत्या. मी त्यांचे माहेर विचारले. सासूबाई म्हणाल्या, "कोण जाणे! सगळे त्यांना थोरलीच म्हणत."

भगिनींनो, पुरुषांचे घराणे शंभर वर्षांत एखाद्या वेळी गाव सोडते. आपण तर दर पिढीला सोडतो. ती वाट कोणी लिहून ठेवीत नाही. घरी आल्यावर मी माझ्या आईच्या आईचे माहेर आठवू लागले, तर मलाही सांगता येईना! आई हयात आहे म्हणून बरे; दुसऱ्याच दिवशी तिला विचारून लिहून घेतले.

जुने कागद शोधताना एक लक्षात ठेवा. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीचे जालना, अंबडचे कागद औरंगाबाद जिल्ह्याच्या नावाने, तर परतूरचे परभणीच्या नावाने मिळतात. निजामाच्या काळचे पुष्कळसे उर्दूत किंवा मोडीत असतात. खासरापत्रक, फेरफार, शाळेचा दाखला यांतूनही माग लागतो. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी घरोघरी पेट्या उघडल्या, तेव्हा या कागदांची किंमत सर्वांना कळली.

अमेरिकेत वसाहतीला गेलेली पुष्कळ कुटुंबे घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू लिहीत. त्यावरून त्यांचे वंशज आज आपली मुळे शोधतात. आपल्याला कोणी अडविले आहे? सरकारनेही १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव घालायचे ठरविले. सरकारी कागदावर आई आली. घरच्या कागदावरही यावी.

माझी एकच विनंती आहे. येत्या संक्रांतीला वाण म्हणून वही लुटावी. पहिल्या पानावर आपले, आईचे, आजीचे, सासूचे व आजेसासूचे नाव, प्रत्येकीचे माहेर आणि तेथून येण्याचे कारण लिहावे. घरात म्हातारी माणसे आहेत तोवरच हे होईल.

आमच्या वहीत आजेसासूबाईंच्या माहेराची जागा मी कोरी ठेवली आहे. कोणाला ठाऊक असेल तर अवश्य सांगावे.

एवढे बोलून मी आपली रजा घेते.