पायाची शीर





शंभर वर्षं आपली दिंडी चालली ती पायावर. विणा गळ्यात असतो, टाळ हातात असतात, पताका खांद्यावर असते. पण हे सगळं उचलून नेतो तो पाय. आमच्या आज्यानं नेलं, बापानं नेलं, आम्ही जाऊ लागलो त्यालाही चाळीस वर्षांच्या वर झाली. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, मुरूड, बार्शी, कुर्डुवाडी, मग पंढरी. तीनशे किलोमीटरच्या वर वाट. शताब्दीच्या सप्ताहात बोला म्हणल्यावर मंडळींना वाटलं असंल, बुवा नामाचा महिमा सांगतील. तो रोजच सांगतो. आज पायाचं सांगतो. आम्ही चौथी शिकलेले, रानात राबणारे, डॉक्टर काही नाही. पण वाटेवरच्या आरोग्य पथकाच्या तंबूत बसून, डॉक्टरला आन् आरोग्यसेवकाला विचारून विचारून जे कळलं, आन् दिंडीत डोळ्यानं जे बघितलं, तेवढंच सांगणार आहोत.

आपल्याकडं कुणाचाही पाय दुखला की निदान ठरलेलं. "शीर आखडली." नाहीतर "नस दबली," "नस चढली," "नस सुकली." तेल लावा, गरम पाण्यात पाय सोडा, झालं. आता ही शीर म्हणजे नेमकी कोणती? टाचेच्या मागं जाड दोरीसारखी लागते ती धोंडशीर. ती मासाला हाडाशी बांधणारी दोरी. पोटरीवर निळी निळी फुगून येते ती रक्ताची शीर. आन् तिसरी ती, जी मेंदूला बातमी देते, खडा टोचला, चटका बसला, वाळू थंड लागली. शेतकऱ्याला समजंल असं सांगायचं तर एक हाय कासरा, दुसरी पाइपलाइन, तिसरी मोटारीची वायर. तिन्हीला आपण शीरच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. पाइप फुटला तर वायरमन बोलावून काय उपयोग?

कासऱ्याचं आन् पाइपचं लवकर सांगून टाकतो. रात्री पोटरीत गोळा येतो, माणूस ओरडत उठतो, ते मासाचं आखडणं. चालण्याचा शीण, घाम जाणं, पाणी कमी पडणं यानं होतं. चवडा आपल्याकडं ओढून धरा, पाणी प्या, सुटतं. शिरा फुगलेल्याचे पाय संध्याकाळी जड होतात, उशीवर वर ठेवले की हलके वाटतात. त्याला मुंग्यांचं औषध लागत नाही. आन् तंबाखूवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं: ठराविक अंतर चाललं की पोटरी धरते, उभं राहिलं की सुटते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा धरते, असं असंल तर बहुतेक पायाला रक्त कमी पोचतंय. मांडी घालून कीर्तनाला बसल्यावर पाय झोपतो, त्याची तर काळजीच नको. पाच मिनिटांत उठतो. कीर्तन लांबलं त्याला बुवा जबाबदार, पाय नव्हं.

आता वायरची गोष्ट. इथं खरी गफलत.

डॉक्टरच्या कागदावर 'न्यूरो' नं सुरू होणारं काहीतरी लिहिलेलं असतं. न्यूरोपॅथी, न्यूरायटिस, न्यूराल्जिया, न्यूरोमा. आपल्याला सगळं एकच. मुरूडच्या मुक्कामी असंच झालं. एका काकूच्या पिशवीत 'न्यूरो'चा कागद, एका मामाच्या पिशवीत 'न्यूरो'चा कागद. मामा म्हणले, "माह्या गोळ्या संपल्यात, तुमच्यातली एक द्या, दुखणं तर एकच हाय." घेतली. सकाळी काकड्याला उठले तर डोकं गरगरायलंय, पाय टिकंना. काकूची गोळी आगीसाठीची, तिच्यानं गुंगी येते. मामाचं दुखणं कंबरेचं होतं. तंबूतल्या डॉक्टरनं समजावून सांगितलं: न्यूरो म्हणजे निस्ती नस. पॅथी म्हणजे नस बिघडली, आयटिस म्हणजे सुजली, अल्जिया म्हणजे ठणकते, ओमा म्हणजे गाठ. आडनाव एक म्हणून चार भाऊ एकाच स्वभावाचे नसतात.

साखरेचा पाय कसा ओळखायचा? तो दोन्हीकडं सारखा असतो. बोटांच्या टोकापासून सुरू होतो आन् हळूहळू वर सरकतो, मोजा घातल्यागत. रात्री अंथरुणात तळपायाची आग होते, चादरसुद्धा सहन होत नाही. मग काही वर्षांनी आग थांबते. माणूस म्हणतो, "पांडुरंगाची कृपा, आग गेली." मायबाप हो, कधी कधी ती आग गेलेली नसते, वायरच मेलेली असते. बातमी येणं बंद झालं म्हणून घर पेटायचं राहत नाही. आपल्या दिंडीत भाकरी थापणाऱ्या एक बाई होत्या. मुक्कामाला शीण जावा म्हणून बादलीत गरम पाणी घेऊन पाय सोडून बसल्या. हात घालून बघितलाच नाही. पायाला काही कळलं नाही. सकाळी दोन्ही पायाला पाण्यानं भरलेले फोड. त्या वर्षी एका पायाची दोन बोटं काढावी लागली. आजही त्या येतात, पण गाडीत बसून येतात, आन् दुसऱ्या कुणी बादली पुढं ओढली की आधी स्वतः कोपर बुडवून बघतात.

साखरवाल्यांनी अजून एक जपायचं. एक पाय अचानक सुजला, लाल झाला, हाताला गरम लागतोय, आन् दुखत मात्र फारसं नाही, तर "दुखत नाही, चालतो" म्हणायचं नाही. आतली हाडं मोडायलेली असू शकतात. त्या पावलापासून चालणं बंद, गाडीत बसा आन् दवाखाना गाठा.

याच्याच तोंडवळ्याचं दुसरं एक दुखणं आपल्या माळकऱ्यांत बरंच सापडतं. तेही दोन्ही पायांत, त्याच्याही मुंग्याच. पण साखर तपासली तर बरोबर. हे बी-१२ नावाच्या जीवनसत्त्वाच्या कमीनं होतं. ते मांस, मासे, अंड्यात असतं, आन् आपल्या ताटात म्हणलं तर दूध, दही, ताकात. डाळ-भाकरी-भाजीत ते नाही. माळ घातली ते उत्तमच, पण घरचं दूध सगळं डेअरीला घालून स्वतः कोरा चहा पिणारा माळकरी आम्ही खूप बघितलाय. त्याला कापसावर चालल्यागत वाटतं, अंधारात तोल जातो, तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. इंजेक्शनानं हे बरं होतं, मात्र लई उशीर केला तर पुरतं भरून येत नाही. आन् साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यालाही बी-१२ कमी पडू शकतं, म्हणजे एकाच पायात दोन्ही दुखणी नांदू शकतात. म्हणून रक्त तपासल्याबिगर आपल्या मनानं ठरवू नये.

कंबरेची नस, जिला सायटिका म्हणतात, ती बहुतेक एकाच पायात उतरते. कुल्ल्यापासून मांडीच्या मागून वीज चमकावी तशी खाली येते, कुणाच्या अंगठ्याकडं जाते, कुणाच्या करंगळीकडं. खोकला आला, शिंक आली की कळ वाढते. पायाला तेल चोळून काय होणार, दुखणं मणक्यात हाय. यातलं बरंचसं काही आठवड्यांत आपोआप उतरतं. पण लघवी तुंबली, किंवा कळायच्या आधीच व्हायली, बसायची जागा बधिर झाली, नाहीतर चवडा उचलंना, तर मुक्काम संपायची वाट बघू नका. रात्र असो, पाऊस असो, गाडी काढा.

आता जे सांगायला आम्ही उभं राहिलो ते सांगतो. लोह्याकडचे एक टाळकरी होते. नामात रंगायचे, पावली खेळायचे. एका वर्षी अहमदपूरच्या पुढं त्यांच्या एका पायातली चप्पल निसटली आन् पाऊण कोस ते तसेच चालले. मागच्यानं चप्पल आणून दिली तवा कळलं. सगळ्यांनी हात जोडले: "देहभान हरपलं, माऊली!" त्यांच्या पाया पडले लोक. दोन दिवसांनी त्याच पायात बाभळीचा काटा मोडलेला निघाला, भोवती पू. तरी दुखत नव्हतं. तंबूतल्या आरोग्यसेविकेनं पाय धुतला, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला चाचपलं, तिथली नस दोरीसारखी जाड लागली. मग पाठीवर फिकट चट्टा सापडला. खाज नाही, घाम नाही, डोळे मिटून पेनाचं टोक टेकवलं तर पत्ता नाही. कुष्ठ.

हे साखरेहून वेगळं कसं? साखर दोन्ही पायांत बोटापासून चढते. कुष्ठ बहुधा एका बाजूला, एखाद्या नसेच्या हद्दीत, एखाद्या चट्ट्यात बसतं. त्यात चवडा लोंबायला लागतो, पाय फरफटतो. पण सगळ्यात मोठा फरक माणसाच्या मनात हाय. साखर हाय म्हणायला कुणी लाजत नाही. ते टाळकरी मात्र त्या रात्री आम्हाला बाजूला घेऊन म्हणले, "बुवा, सांगू नका. मला पंगतीतून उठवतील. पोरीचं लग्न ठरलंय."

तवाचे आपले दिंडीप्रमुख, आता वैकुंठवासी, त्यांनी काहीच भाषण केलं नाही. दुसऱ्या दिवशी पंगतीला स्वतः त्यांच्याशेजारी बसले. झालं. बारा महिने औषध खाल्लं त्यांनी, फुकटात, सरकारी दवाखान्यातून. पोरीचं लग्न ठरल्या जागी झालं.

मायबाप हो, या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन डॉक्टरनं १८७३ साली शोधला. देवाचा कोप, मागच्या जन्माचं पाप, हे तेव्हाच निकालात निघायला पाहिजे होतं. १९८२ पासून अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत आली, सहा महिने नाहीतर बारा महिने घेतलं की रोग बरा होतो. औषध सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण व्हायचं थांबतं. बहुतेक माणसांच्या अंगात तर याला तोंड द्यायची ताकद मुळातच असते. बोटं झडतात ती रोगानं सडून नव्हं. बधिर जागेला जखम होते, ती कळत नाही, चिघळते. हे तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं. विदर्भात वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन, आन् आपल्या नांदेडजवळ नेरलीचं कुष्ठधाम, हे सगळ्यांना ऐकून माहीत हाय. कुष्ठ हे घटस्फोटाचं कारण होतं कायद्यात. ते २०१९ साली काढलं. कायद्यातून गेलं, पंगतीतून जायचं राहिलं असंल तर ते आपल्याकडून. बधिरपणा येऊन सहा महिने व्हायच्या आत गेलं तर नस परत जागी होण्याची आशा असते. लपवण्यात हेच महिने जातात.

मधेच एक हलकं सांगतो. चवड्यात खडा अडकल्यागत टोचतंय, चप्पल काढून झटकली तर खडा नाही, तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मधून कळ जाते, ही बारक्या नसेभोवतीची जाडी. हिला एका मॉर्टन डॉक्टरचं नाव. आन् अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब दिसतं, त्यालाही मॉर्टनचंच नाव, पण तो मॉर्टन वेगळा! लांब बोट हा रोग नाही. आपल्याकडं म्हणतात, अशी बाई नवऱ्यावर भारी असते. आमच्या घरी बोट लांब हाय. बाकी तुम्ही समजून घ्या.

पाय जागा हाय का नाही हे बघायला यंत्र लागत नाही. एकानं डोळे मिटून पडायचं. दुसऱ्यानं बोटाच्या टोकानं अलगद, एक-दोन सेकंद, त्याच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आन् करंगळीला हात लावायचा. दोन्ही पाय मिळून सहा जागा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या नाहीत. दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत तर तो पाय डॉक्टरला दाखवायचा. इंग्लंडात इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ही पद्धत बसवली. मग टाचांवर चार पावलं चालून दाखवायची, चवडा उचलतो का ते दिसतं. यानं रोग कोणता ते कळत नाही. ते ठरवायला प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर नांदेडचं, लातूरचं सरकारी रुग्णालय हाय.

आन् अनवाणी चालण्याचा नवस. जेष्ठातलं डांबर कसं तापतं ते आपल्याला माहीत हाय. ज्याचा पाय जागा हाय त्यानं नवस करावा. पोळलं तर तो पाय उचलंल. बधिर पायाच्या माणसानं अनवाणी चालणं आम्हाला मान्य नाही, मग कुणी आम्हाला काही म्हणो. देवाच्या पायाखालीसुद्धा वीट हाय. ते लोह्याचे टाळकरी मऊ रबराची, मागं पट्टा असलेली चप्पल घालून पावली खेळतात. सरकारकडून मिळते. मंदिराच्या दारात काढतात, आत जाऊन येतात, परत घालतात, आन् घालण्याआधी उलटी करून झटकतात.

यंदापासून सामानाच्या गाडीत दोन आरसे ठेवलेत, तळपाय बघायला. बायकांचे पाय बायका बघतील, पुरुषांचे पुरुष. चट्टा दिसला तर मोठ्यानं बोलायचं नाही, विणेकरी बुवांच्या कानात सांगायचं. गाडीतल्या पुढच्या दोन जागा सुजलेल्या पायासाठी राखीव, तिथं बोचकी ठेवू नका. ज्यांना आज पाय दाखवायचेत त्यांनी हरिपाठ झाल्यावर विण्याच्या डाव्या बाजूला बसावं. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून या. फडकं आपलं आपण आणा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!