रिप व्हॅन विंकल रंगवणारा नट

एकच भूमिका जवळजवळ चाळीस वर्षं करायची आणि ती शिळी होऊ द्यायची नाही, हे अमेरिकेच्या जोसेफ जेफरसन यांनी करून दाखवलं.

जन्म १८२९चा, फिलाडेल्फियातला. घराणं नटांचंच. तेराव्या वर्षी वडील गेले आणि फिरत्या नाटक मंडळींबरोबर भटकणं नशिबी आलं. १८५८ मध्ये न्यूयॉर्कला ‘अवर अमेरिकन कझिन’ या नाटकाने त्यांना नाव दिलं. पुढे चार वर्षं ऑस्ट्रेलियात काढून ते लंडनला आले. तिथे १८६५ मध्ये नाटककार डायन बूसिको यांनी ‘रिप व्हॅन विंकल’ हे नाटक त्यांच्यासाठी नव्याने बांधून दिलं.

रिप म्हणजे डोंगरात वीस वर्षं झोपून परतलेला दारुडा, पण प्रेमळ गावकरी. डोंगरातल्या प्रवेशात त्याला भेटणारी भुतं एक शब्दही बोलत नाहीत. बोलतो तो एकटा रिप. त्याचा लाडका कुत्रा श्नायडर तर रंगमंचावर येतच नाही. नुसत्या बोलण्यातून जेफरसन तो प्रेक्षकांसमोर उभा करत. विनोदी नटाची खरी कसोटी मला इथेच दिसते: पोट धरून हसणाऱ्या प्रेक्षागृहाला, जागा झालेल्या रिपला त्याची मुलगी ओळखत नाही त्या क्षणी, रडवायचं.

१८९० मध्ये त्यांचं आत्मचरित्र पुस्तकरूपाने आलं; १९०५ मध्ये ते गेले. १८९६ साली चित्रित झालेले त्यांच्या रिपचे काही मूक प्रसंग मात्र आजही शाबूत आहेत. नाटकाची आवड असलेल्यांनी ते जरूर पाहावेत.